सूर कुठे झिरपतो

न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये १ जानेवारी १९७०च्या पहिल्या कार्यक्रमात जिमी हेंड्रिक्सनं 'मशीन गन' वाजवलं. बासवर बिली कॉक्स, ड्रमवर बडी माइल्स. त्याच वर्षी निघालेल्या 'बँड ऑफ जिप्सीज' या तबकडीत ते आहे, बारा मिनिटांहून जास्त लांबीचं. सुरुवातीचे गिटारचे तुकडे कान देऊन ऐकावेत. आवाज मऊ आहे तरी मळकट नाही, आणि युनि-व्हाइब या पेडलच्या फिरत्या लाटेत तो सारखा मागेपुढे होत राहतो. मग गाणं सुरू होतं, आणि साधारण चौथ्या मिनिटाला येतो तो एकच लांबवलेला उंच स्वर. इलेक्ट्रिक गिटारवर त्याच्या तोडीचा दुसरा स्वर मी ऐकलेला नाही.

हा आवाज कुठून आला याचं उत्तर लोक हेंड्रिक्सच्या बोटांत आणि त्याच्या मार्शल अँपमध्ये शोधतात. तिथे ते आहेच. मला मात्र त्या दोहोंमधल्या रस्त्याबद्दल लिहायचं आहे. गिटारपासून अँपपर्यंत जाताना सिग्नल जागोजागी झिरपतो, आणि हेंड्रिक्सच्या मांडणीत तर तो चांगलाच झिरपत होता. आजच्या एखाद्या पेडलबोर्ड बांधणाऱ्या कारागिराला ती मांडणी दाखवली तर तो दुरुस्त्यांची यादी काढेल. त्यातली एकेक दुरुस्ती तंत्राच्या दृष्टीनं बरोबर असेल, आणि सगळ्या केल्या तर 'मशीन गन'चा आवाज उरणार नाही. सिग्नल कुठे जातोय हे मीटर घेऊन शोधता येतं. कुठला तोटा भरून काढायचा आणि कुठला जपायचा, हे ठरवायला रसिकाचा कान लागतो.

रस्ता असा होता: स्ट्रॅटोकास्टर, वेटोळ्यांची केबल, व्हॉक्सचा वा पेडल, फझ फेस, युनि-व्हाइब, मार्शल. उगमापासून निघू.

स्ट्रॅटचा पिकअप म्हणजे चुंबकांभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. त्याला बॅटरी नसते. वरची तार थरथरते आणि त्या थरथरण्यातून जी इवलीशी वीज तयार होते तिच्यावरच पुढचा सगळा डोलारा उभा असतो. अशा वेटोळ्याचा स्वभाव असा, की त्याच्यापुढे जे जोडाल त्यानं तो बदलतो. त्याचा इंडक्टन्स साधारण २.२ हेन्री धरा आणि केबलचा कपॅसिटन्स मीटरमागे १०० पिकोफॅरॅडच्या आसपास. या दोघांचा मिळून एक अनुनाद ठरतो. त्याच्या जवळपासचे उपस्वर उठावदार होतात आणि त्याच्या वरचे झपाट्यानं पडत जातात. सहा मीटरची केबल आणि गिटारच्या आतलं थोडंफार धरून एकूण ७०० पिकोफॅरॅड झाले, तर हा उंचवटा ४००० हर्ट्झच्या आसपास येतो. तेच १५०० झाले की तो २८००च्या खाली उतरतो. मूळ स्वरांना यानं धक्काही लागत नाही. मोकळ्या जाड ई तारेचा स्वर ८२ हर्ट्झचा, आणि चोवीस पडद्यांच्या गिटारवरचा सगळ्यात वरचा ई १३१९ हर्ट्झचा, म्हणजे दोन्ही या प्रदेशाच्या बरेच खाली. जातं ते स्वराच्या माथ्यावरचं तेज. म्हणून वाजवणारा गोंधळतो. सूर बरोबर आहे, आवाजही तेवढाच मोठा आहे, तरी काहीतरी गेलंय, एवढंच त्याला सांगता येतं. तानपुऱ्यावर जवारीचा दोरा केसभर सरकला तर षड्ज जागचा हलत नाही, पण तानपुरा मिटल्यासारखा होतो. इथे दोऱ्याचं काम केबल करते.

हेंड्रिक्सची केबल ताणली की लांबणारी, वेटोळ्यांची होती. तिच्यात दिसते त्यापेक्षा कितीतरी जास्त तार गुंडाळलेली असते, म्हणून तिचा कपॅसिटन्सही सरळ केबलपेक्षा बराच मोठा. पिकअपचा उंचवटा तिच्यामुळे आणखी खाली, कानाला सगळ्यात जास्त जाणवणाऱ्या मधल्या प्रदेशात सरकतो. सिंगल कॉइल स्ट्रॅट मुळात तेजतर्रार आणि त्या काळचा मार्शलही तसाच. त्या दोघांमध्ये ही केबल नसती तर वरच्या पट्टीत कर्कशपणा शिरला असता. केबलनं तो उगमापाशीच काढून घेतला. नंतर अँपचा ट्रेबल नॉब कमी करून हे साधत नाही. अँपपर्यंत पोचण्याआधी आवाज फझमधून भरडून निघालेला असतो, आणि भरडताना काय आत गेलं होतं यावर काय बाहेर पडणार हे ठरतं. चकचकीत, कमी कपॅसिटन्सची केबल घेऊन हेंड्रिक्सचा टोन शोधणाऱ्यांना मी म्हणेन, आधी जुन्या धाटणीची वेटोळी केबल लावून बघा. हा तोटा जपण्याजोगा आहे.

वा पेडलबद्दल माझं मत वेगळं आहे. १९६७मध्ये बाजारात आलेल्या व्हॉक्सच्या वामध्ये पायाखालचा स्विच फक्त बाहेर पडणाऱ्या बाजूची वाट बदलायचा. पेडल बंद असतानाही त्याचं आत येणारं टोक पिकअपला चिकटलेलंच असायचं. म्हणजे वा वाजत नसला तरी गिटारवर त्याचं ओझं कायम. आणि हे ओझं केबलसारखं नाही. केबल पिकअपचा उंचवटा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेते, त्यामुळे टोनचा रंग बदलतो पण रंग असतो. असलं रोधाचं ओझं तो उंचवटा चेपून सपाट करतं. आवाज मरगळतो आणि त्या बदल्यात काही मिळत नाही. जुन्या वामध्ये पूर्ण बायपासचा, म्हणजे बंद पेडलला दोन्ही टोकांनी वाटेतून बाहेर काढणारा स्विच बसवून घेणं ही मी डोळे मिटून मान्य करीन अशी दुरुस्ती. हेंड्रिक्सच्या मांडणीत मात्र ही उणीव बहुतेक वेळ झाकली जायची, कारण पुढेच त्याहून कितीतरी मोठं ओझं बसलं होतं.

ते म्हणजे फझ फेस. लंडनच्या आर्बिटर कंपनीनं १९६६च्या अखेरीस काढलेला, माइक स्टँडच्या बुडासारखा गोल पेडल. आत उघडून बघितलं तर दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि बाहेरचे दोन नॉब. एवढ्या थोडक्या सामानातून इतका अर्थ काढणारी दुसरी रचना या क्षेत्रात मला दिसत नाही. पाठ्यपुस्तकाच्या हिशेबानं ती चुकीची ठरेल. गिटारपुढे जे यंत्र ठेवायचं त्याचा इनपुट रोध मोठा हवा. चांगल्या अँपचा तो १० लाख ओहम असतो. फझ फेसचा काही हजार ओहम! पिकअपच्या तोंडावर एवढं जड ओझं पडलं की ट्रेबलचा मोठा हिस्सा पिकअपमध्येच अडकतो. सिग्नल गळण्याची ही सगळ्या रस्त्यावरची सगळ्यात ठळक जागा, आणि फझ फेसचं सगळं सौंदर्य नेमकं इथेच आहे.

कसं ते गिटारच्या व्हॉल्यूम नॉबवरून कळतं. नॉब पूर्ण उघडा असतो तेव्हा पिकअप आणि फझ एकमेकांना थेट भिडलेले असतात. आवाज जाड, वरून छाटलेला, रुंद. आता करंगळीनं नॉब १०वरून ८वर आणा. पिकअप आणि फझ यांच्यामध्ये नॉबचा रोध शिरतो. फझची भूक झपाट्यानं कमी होते, पिकअपवरचं ओझं हलकं होतं आणि अडकलेलं ट्रेबल सुटतं. इतर बहुतेक ठिकाणी गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की आवाज मंद होतो. इथे तो निवळतो, उजळतो. एकही पेडल बंद न करता भरड्या गर्जनेपासून घंटेसारख्या स्वच्छ नादापर्यंतचा सगळा पल्ला एका करंगळीत येतो. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे फझ फेस सिलिकॉनवाल्यांपेक्षा जास्त नीट निवळतात, हा सर्वसाधारण अनुभव आहे आणि तो मला पटतो.

याच गिटार आणि फझच्या मध्ये आजच्या सवयीनं एक बफर ठेवून बघा. बफर म्हणजे सिग्नल न वाढवता त्याला बळ देणारं छोटं सर्किट, तोटा थांबवणाऱ्या कारागिराचं पहिलं हत्यार. तो मध्ये आला की पिकअपला फझ दिसत नाही आणि फझला पिकअप दिसत नाही. तोटा थांबतो, मोजमाप सुधारतं, आणि आवाज चिरका होतो. व्हॉल्यूम नॉब फिरवला तरी पूर्वीसारखं निवळणं होत नाही. फझ फेस बिघडलाय असं समजून तो दुरुस्तीला नेणाऱ्यांनी आधी त्याच्याअलीकडे काय बसलंय ते बघावं. बोर्डावरचा ट्यूनर, वायरलेसचा रिसीव्हर, बंद असलेला एखादा बॉस कंपनीचा पेडल, यांतलं काहीही पुरतं.

हे ध्यानात ठेवून 'मशीन गन' पुन्हा ऐका. आरंभीच्या मऊ तुकड्यांत पिकचा स्पर्श लख्ख ऐकू येतो. अख्खा फझ बंद करून वाजवलेल्या गिटारचा हा कोरडा स्वच्छपणा नाही. कडेला किंचित खर आहे, स्वराच्या शेपटीशी धुगधुगी आहे. माझ्या कानाला हा निवळलेल्या फझचा आवाज वाटतो. मग तो लांब स्वर येतो तेव्हा दार पूर्ण उघडतं. एवढा उंच, एवढा मोठा स्वर खरं तर टोचायला हवा. तो टोचत नाही, कारण टोचणारं सगळं आधीच वाटेत गळून गेलंय: थोडं केबलमध्ये, पुष्कळसं फझच्या दाराशी. जे उरलं ते रुंद आणि भरीव आहे. अँपमधून परत येणाऱ्या नादानं गिटारची तार स्वतःहून थरथरत राहावी इतकं भरीव, म्हणूनच तो स्वर तसा टिकतो. पुढे बडी माइल्सच्या ड्रमच्या फैरींबरोबर गिटार गोळ्या झाडते, किंचाळते, विव्हळते. व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या आणि अमेरिकेतल्याच शहरांत झुंजणाऱ्या माणसांना वाहिलेल्या त्या रचनेत या आवाजांना चकचकीत टोन शोभला नसता.

युनि-व्हाइब हा फुमिओ मिएदा यांनी शिन-एई कंपनीसाठी घडवलेला जपानी पेडल. आत एक दिवा धडधडतो आणि त्याच्याभोवतीचे चार प्रकाशसंवेदी घटक सिग्नलची फेज हलवत राहतात. त्याला हलवायला भरपूर उपस्वर लागतात. ते फझ पुरवतो, म्हणून त्याची जागा फझच्या पुढे, अँपच्या बाजूला.

आता हेंड्रिक्सपासून सर्वसाधारण बोर्डाकडे. आठ पेडल आहेत, आठही पूर्ण बायपासचे, आणि गिटारपासून बोर्डापर्यंत सहा मीटर, बोर्डापासून अँपपर्यंत आणखी सहा मीटर केबल आहे. सगळे पेडल बंद असले की पिकअपला ही सगळी तार एकसलग दिसते, मधल्या तुकड्यांसकट. वर काढलेला १५०० पिकोफॅरॅडचा आकडा तो हाच. कुठलाही पेडल बिघडलेला नाही, सगळे जॅक ठीक, आणि तरी आवाज पांघरुणाखाली. उलट, वाटेत पहिल्याच जागी एक चांगला बफर असला तर पिकअपला फक्त पहिली केबल दिसते. बफरचा आउटपुट रोध १ किलोओहम धरला, तर १५०० पिकोफॅरॅडमुळे होणारी घसरण १ लाख हर्ट्झच्याही पुढे सुरू होते. ते ऐकायला कुणाचाच कान पुरणार नाही.

यावर दोन पंथ आहेत. इंग्लंडचे पीट कॉर्निश गिटारवादक डेव्हिड गिलमोरचे बोर्ड बांधत. पूर्ण बायपासच्या वेडाला त्यांचा सतत विरोध, आणि त्यांच्या बोर्डात बफर पेरलेले. लॉस एंजेलिसच्या बॉब ब्रॅडशॉ यांनी प्रत्येक पेडलला स्वतंत्र लूप देणारी स्विचिंग यंत्रणा रूढ केली. नको असलेला पेडल वाटेतून पुरता बाहेर. १९७७पासून आलेल्या बॉसच्या छोट्या पेडलांत बफर असतोच, म्हणून पुष्कळ जण त्यांना नावं ठेवतात. मला हे अन्यायाचं वाटतं. आठ पूर्ण बायपास पेडलांच्या ओळीत एखादा बॉस सरकवला आणि आवाज जागा झाला, असं सहज होतं. माझा कौल: फझ फेस जातीचं काही असेल तर ते गिटारला थेट लावावं आणि बफर त्याच्या लगेच नंतर, तसं काही नसेल तर बफर पहिला. वा आणि फझ दोन्ही असतील तर मात्र कानानं ठरवावं, कारण वाच्या मागोमाग फझ फेस आला की वाचा फेर आखडतो, कधी शिट्टीही मारतो, आणि तिथे प्रत्येकाची तडजोड वेगळी.

हा हळूहळू होणारा तोटा पकडायचा तर अख्खी कॉर्ड झोडपू नये. घोडीजवळ एकेक मोकळी तार छेडावी, एकदा गिटार सरळ अँपला जोडून, एकदा सगळे पेडल बंद ठेवून बोर्डातून. जोडणी दुसऱ्या कुणाला बदलायला सांगावी आणि आपण पाठ फिरवून ऐकावं. आत्ता कुठली जोडणी आहे हे ठाऊक असलं की कान पक्षपात करतो.

पूर्ण शांतता झाली तर काम सोपं, फक्त धीर हवा. गिटार थेट अँपला, आणि तीसुद्धा आत्ताच वाजवून खात्री केलेल्या केबलनं. आवाज आला की गिटार, अँप आणि ती केबल तिघांनाही सोडता येतं. मग बोर्ड निम्मा करावा. आठांपैकी चारच मध्ये ठेवले की दोष कुठल्या निम्म्यात आहे ते कळतं. पुन्हा निम्मा, पुन्हा निम्मा. तीन पावलांत आठांतला एक हाती लागतो. आणखी जलद खूण म्हणजे अँप हळू करून मोकळ्या पिनच्या टोकाला बोट लावायचं. घुं ऐकू आला तर तिथून पुढची वाट जिवंत. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून हा घुं जवळपास मंद्र जी वर बसतो, आणि पॉवर सप्लायमधून येणारा १०० हर्ट्झचा घुं त्याच्या वरच्या जी वर, जाड तारेच्या तिसऱ्या पडद्याला जुळणारा. अमेरिकेत ६० हर्ट्झमुळे तो बी फ्लॅट आणि बी यांच्या मध्ये लोंबकळतो. सूर ओळखणाऱ्याला एवढ्यावरून कळतं की हा बोटाचा घुं आहे की सप्लायचा.

दोष बहुधा पेडलच्या सर्किटात नसतो. जॅकचा नट सैल होतो, पिन घालता-काढता जॅक गोल फिरतो आणि आतल्या तारा पिळवटून तुटतात. तुकड्या केबलींत ड्राय सोल्डर असतं. मल्टिमीटरनं टेबलावर तपासताना ती बीप देते आणि बोर्डावर वाकवली की मुकी होते, म्हणून तपासताना तिला हलवत राहावं. बॅटरीवरच्या पेडलमध्ये इनपुटला पिन घातली की बॅटरीची ऋण बाजू जमिनीशी जुळते. पिन रात्रभर राहिली तर पेडल न वाजवताही बॅटरी उतरत राहते. अर्थात उतरत्या बॅटरीवरचा फझ काहींना आवडतो. एरिक जॉन्सनसारखा वादक बॅटरी कुठल्या जातीची आहे याबद्दल काटेकोर राहिला आहे.

बोर्डच्या बोर्ड एका क्षणी गप्प झाला तर संशय वीजपुरवठ्यावर घ्यावा. आणि नुकताच जुन्या पद्धतीचा जर्मेनियम फझ आणला असेल तर तो संशय जवळपास खात्रीच. त्यात बॅटरीची धन बाजू जमिनीला असते, बाकीच्यांत ऋण. एकाच साखळी अडॅप्टरवर दोन्ही जोडले की अडॅप्टर शॉर्ट होतो आणि निर्दोष पेडलही मरून पडतात. त्या फझला स्वतःची बॅटरी द्यावी, किंवा विलग आउटपुटचा सप्लाय.

एक जागा लोक विसरतातच: अँपच्या मागचा इफेक्ट्स लूप. तिथे काहीही लावलेलं नसलं तरी सिग्नल रिटर्न जॅकमधल्या एका पातळ स्प्रिंगवरून जातो. मुंबईच्या, कोकणाच्या पावसाळी दमटपणात तिच्यावर गंज चढतो आणि आवाज मधूनच खाली बसतो. सेंड आणि रिटर्न एका छोट्या केबलनं जोडून बघावं. आवाज लगेच परतला तर स्प्रिंग साफ करायची आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरचा हलका फवारा आणि पिन चार-सहा वेळा आतबाहेर, बस. व्हॉल्व्हचा अँप मात्र स्वतः उघडू नये, बंद केल्यावरही आत जीवघेणा दाब साठलेला असतो.

वायरलेस आल्यावर या सगळ्याला वेगळं वळण मिळालं. गिटारच्या जॅकलाच प्रेषक लागला, केबल गेली आणि तिचा कपॅसिटन्सही गेला. मग वादकांची तक्रार आली की आवाज फार टोकदार झालाय. उत्पादकांनी मुद्दाम 'केबल टोन' देऊ केला. बॉसच्या एका वायरलेसवर त्याच्या तीन जागा आहेत: बंद, आखूड आणि लांब. म्हणजे गेलेला तोटा सर्किटात पुन्हा बांधून त्याला बटण दिलं. स्वच्छ वाजवणाऱ्याला ते पुरतं. फझ फेसवाल्याचं मात्र तेवढ्यानं भागत नाही, कारण केबलचा रंग परत आला तरी रिसीव्हर बफरसारखाच वागतो आणि फझला भिडायला पिकअप समोर नसतोच. त्यासाठी रिसीव्हर आणि फझ यांच्यामध्ये पिकअपइतक्या इंडक्टन्सचं वेटोळं ठेवणारे छोटे डबे काही जण वापरतात. गिटार जवळजवळ थेट लावल्यासारखी वागते, आणि करंगळीनं नॉब थोडा मिटला की फझ पुन्हा निवळतो.